रंगभवन कोणी बंद केलं? एका गिगपासून सुरू झालेला शोध



गेल्या महिन्यात थीसिसचं तिसरं प्रकरण अर्धवट टाकून मी पुण्यात एका गिगला गेले होते. अंगणवजा उघडी जागा, कडेला चार बाकं, एका टेबलावर बँडचे टी-शर्ट विकायला ठेवलेले, आणि समोर फार तर दीडशे माणसं. बँड स्वतःची गाणी वाजवणारा. अशा ठिकाणची मजा तुम्हाला सांगायला नको. ड्रमरचा घाम दिसतो, गिटारवाला चुकला तर स्वतःच हसतो, आणि मध्यंतरात तोच आपल्या शेजारी उभा राहून चहा पितो. मोबाईलवर ऐकलेलं गाणं इथे पहिल्यांदा अंगावर येतं.

दहाला पाच मिनिटं कमी असताना मालकाने हातानेच खूण केली आणि साउंडवाल्याने आवाज बंद केला. शेवटचं गाणं निम्म्यावर होतं. गायक माईक सोडून पुढे आला आणि उरलेलं गाणं आम्ही सगळ्यांनी तसंच, बिनमाईकचं म्हटलं.

घरी येऊन हे मामाला सांगितलं. मामा गिरगावचा. तो लगेच म्हणाला, "तुमचं निम्मं गाणं गेलं, आमचं अख्खं रंगभवन गेलं. कोर्टाने बंद केलं."

मी फिजिक्सची विद्यार्थिनी. माझं काम पातळ फिल्म्सवर, इतिहासाशी दुरूनही संबंध नाही. पण मामाचं ते एक वाक्य डोक्यात बसलं. 'कोर्टाने बंद केलं' हे खरं आहे का? खरं की खोटं हे कसं ठरवायचं? तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, सिनॉप्सिस लिहिताय. म्हणून हा शोध जसा झाला तसाच इथे मांडते. त्यात माझ्या चुकाही आल्या.

आधी जागा समजून घेऊ

मराठी माणसाने रंगभवन हे नाव बहुतेक एकाच संदर्भात ऐकलेलं असतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या गल्लीत शहीद झाले ती रंगभवनची गल्ली. एका बाजूला कामा रुग्णालय, जवळच सेंट झेवियर्स कॉलेज, आणि तिथेच हे सरकारी मालकीचं खुलं नाट्यगृह. हे सगळं धोबीतलावच्या परिसरात येतं.

या परिसराचं संगीताशी असलेलं नातं रंगभवनपेक्षा जुनं आहे. गोव्यातल्या गावांनी मुंबईत आपापल्या माणसांसाठी 'कूड' म्हणजे क्लब काढले होते. बोटीवर काम करणारे खलाशी, स्वयंपाकी आणि वादक तिथे खाट भाड्याने घेऊन राहत. धोबीतलावच्या जेर महालात असे अनेक कूड होते. वाद्यं विकणारं फुर्टाडोजचं दुकानही इथलंच. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्डसारखे आफ्रिकन-अमेरिकन जॅझ कलाकार वाजवत होते. त्यांच्याकडे बघत गोव्याच्या वादकांची एक पिढी तयार झाली. त्यातला चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो शाव्हियेर वाझ, पुढे सी. रामचंद्रांबरोबर काम करू लागला. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात तो आणि त्याचे साथीदार पडद्यावरही दिसतात.

हॉटेलात वाजवणारे लोक फिल्म स्टुडिओकडे का वळले, याचं एक कारण कायद्यात सापडतं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांचा रात्रीचा धंदा बसला. धंदा नाही तर बँडला पगार कुठून येणार? अर्थात एवढंच एक कारण होतं असं नाही. फिल्म संगीतालाही तेव्हा मोठे वाद्यवृंद हवे होते, म्हणजे ओढ तिकडूनही होती. पण इथली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कायदा दारूवर होता आणि जागा बदलली संगीताची.

रंगभवनचे दिवस

पुढे चर्चगेटच्या रेस्टॉरंटांत पुन्हा बँड वाजू लागले. ख्रिस पेरी आणि लॉर्ना ही नावं कोकणी घरांत आजही प्रेमाने घेतली जातात, ती त्याच काळातली. पण रेस्टॉरंटात वाजवायचं म्हणजे जेवणाऱ्यांना आवडेल, ओळखीचं वाटेल असं वाजवायचं. स्वतःचं नवीन गाणं ऐकायला कोणी कटलेट बाजूला ठेवत नाही.

१९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि 'जॅझ इंडिया'ने मुंबईत जॅझ यात्रा सुरू केली, ती रंगभवनात. सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक तिथे वाजवून गेला. मग १९८६ पासून फरहाद वाडियांचा 'इंडिपेंडन्स रॉक', म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा आय-रॉक. स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला, ऐन पावसात, उघड्या नाट्यगृहात कॉलेजच्या पोरांची झुंबड उडायची. मामा सांगतो, चप्पल हरवली नाही तर आय-रॉक पाहिला असं म्हणायचं नाही.

इथे मी पहिली चूक केली. मामा म्हणाला, "पंच्याण्णव साली मी रंगभवनात रॉक मशीन ऐकला." मी वहीत तसंच्या तसं लिहून घेतलं आणि खूश झाले, प्रत्यक्ष साक्षीदार मिळाला म्हणून. दोन दिवसांनी तपासलं तर रॉक मशीन हा बँड १९८४ चा, पहिला अल्बम १९८८ चा, आणि १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं. मग पंच्याण्णव साली 'रॉक मशीन' कसा असेल?

मामाला विचारलं. तो म्हणाला, "अगं, नाव काहीही असो, आम्ही रॉक मशीनच म्हणायचो. आणि साल पंच्याण्णव नसेल तर नव्वद असेल."

आता बघा, या एका साक्षीत दोन शक्यता आहेत. एक तर साल चुकलंय किंवा नाव जुनंच तोंडात बसलंय. यातली कुठली खरी हे मला नुसत्या आठवणीवरून कधीच कळणार नाही. पण म्हणून मामाची साक्ष टाकून द्यायची का? नाही. सालासाठी ती कच्ची आहे, पण तिकीट कसं काढायचो, लोकलने परत कसे यायचो, गर्दीत मुली किती असायच्या, पोलीस कुठे उभे असायचे, यासाठी ती उत्तम आहे. प्रयोगशाळेत आपण प्रत्येक उपकरणाची रेंज आधी पाहतो ना? फूटपट्टीने फिल्मची जाडी मोजत नाही, आणि त्यासाठी फूटपट्टीला शिव्याही देत नाही. साक्षीचंही तसंच आहे.

'कोर्टाने बंद केलं' हे तपासूया

मला वाटलं, हे सोपं आहे. ध्वनिप्रदूषणावरचा सर्वोच्च न्यायालयाचा प्रसिद्ध निकाल शोधला. तारीख १८ जुलै २००५. झालं, कारण सापडलं! मी तसं लिहूनही टाकलं. ही दुसरी चूक.

कारण २००५ च्या आधीच रंगभवनातले मोठे कार्यक्रम थांबले होते. कारण परिणामाच्या नंतर येऊ शकत नाही, हे फिजिक्सवालीला कोणी शिकवावं लागू नये. पण मनात उत्तर आधीच ठरलेलं असलं की तारखा दिसत नाहीत. म्हणून माझ्या गाइडचा एक नियम तुम्हालाही सांगते. कारण लिहिण्याआधी घटनांची तारीखवार यादी कागदावर करायची. ती केल्यावर असं दिसलं:

१९८६: पर्यावरण संरक्षण कायदा.
१४ फेब्रुवारी २०००: त्या कायद्याखाली ध्वनिप्रदूषण नियम. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला मनाई, आणि रुग्णालय, शाळा-कॉलेज व न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटर 'शांतता क्षेत्र'.
२००३: डॉ. यशवंत ओक, सुमायरा अब्दुलअली आणि इतरांची मुंबई उच्च न्यायालयात याचिका. मागणी काय, तर जे नियम कागदावर आहेत ते पाळले जावेत.
२००५: सर्वोच्च न्यायालयाचा निकाल.

रंगभवनची जागा डोळ्यासमोर आणा. बाजूला रुग्णालय, कॉलेज, आणि हाकेच्या अंतरावर न्यायालयही. शांतता क्षेत्राची तिन्ही कारणं एकाच ठिकाणी. शिवाय मूळ नियम वाचताना आणखी एक गोष्ट सापडली, जी मामाला आणि मलाही माहीत नव्हती. शांतता क्षेत्रात आवाज किती मोठा हा प्रश्न नंतरचा. तिथे संगीत वाजवणं, ध्वनिवर्धक वापरणं, ढोल बडवणं, गर्दी जमवणारा नकलांचा किंवा संगीताचा खेळ करणं, याच गोष्टी नियमात गुन्हा म्हणून मोजल्या आहेत. म्हणजे आवाज कमी करून सुटका नव्हती.

तेव्हा मामाच्या वाक्याची दुरुस्ती अशी: रंगभवनचा आवाज २००० च्या नियमांनी आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी झालेल्या रेट्याने थांबला. २००५ चा निकाल त्यावरचं शिक्कामोर्तब होतं, सुरुवात नव्हती.

मग खलनायक कोण?

खरं सांगते, इथपर्यंत मी पूर्णपणे संगीताच्या बाजूने होते. मग २००५ चा निकाल सुरुवातीपासून वाचला. त्यात या प्रकरणाला निमित्त झालेली घटना दिली आहे. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला, आणि शेजारी लाउडस्पीकरचा दणदणाट चालू असल्याने तिची हाक कोणाला ऐकू आली नाही. पुढे त्या मुलीने स्वतःला जाळून घेतलं. हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ काही लिहू शकले नाही.

दुसरी आठवण माझ्या घरची. चार वर्षांपूर्वी आजी ॲडमिट होती आणि बाहेर मिरवणूक चालली होती. खिडकीची काच थरथरत होती. आजी बोलू शकत नव्हती, पण प्रत्येक ठोक्याला तिच्या पापण्या हलायच्या. त्या रात्री मला कोणाचंच संगीत नको होतं.

कामा हे स्त्रिया आणि मुलांसाठीचं रुग्णालय, १८८६ सालचं. आय-रॉकच्या आधी शंभर वर्षं ते तिथे आहे. मामा ज्या रात्री चप्पल हरवून नाचत होता, त्या रात्री भिंतीपलीकडच्या वॉर्डात कोण झोपलं होतं? त्यांच्यापैकी कोणाची आठवण मी गोळा केली? एकाचीही नाही. माझे सगळे साक्षीदार स्टेजसमोर उभे राहिलेले. नमुना निवडतानाच मी निष्कर्ष निवडून ठेवला होता. तुमच्या प्रश्नावलीतही हे होऊ शकतं, म्हणून जपा.

थोडं गणित

कोणी म्हणेल, आवाज जरा कमी ठेवून दोन्ही बाजू सांभाळता आल्या नसत्या का? हे मोजून बघता येतं.

डेसिबल ही लॉगरिदमिक मोजणी आहे. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. समजा स्टेजपासून १० मीटरवर १०० डेसिबल आहे, रॉकच्या कार्यक्रमाला हे काही फार नाही. मग २० मीटरवर ९४, ४० मीटरवर ८८, ८० मीटरवर ८२. शांतता क्षेत्राची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४०. या हिशेबाने ५० पर्यंत उतरायला साधारण ३ किलोमीटर लागतात. प्रत्यक्षात इमारती आड येतात, हवा थोडा आवाज शोषते, त्यामुळे अंतर कमी भरेल. पण १०० मीटरच्या आत ते बसणार नाही, हे नक्की.

म्हणजे वाद नुसता आडमुठेपणाचा नव्हता. उघडं नाट्यगृह आणि रुग्णालय हे शेजारी विजेच्या गिटारच्या काळात एकत्र नांदू शकत नव्हते. आवाज अडवायला भिंत लागते. आणि नियमांतही तेच आहे. रात्री १० नंतर बंद सभागृहांत, आतल्या आत, आवाजाला सूट आहे.

भिंतीची किंमत कोण देतं?

इथे माझ्या मते खरी गोष्ट सुरू होते. संगीत मेलं नाही, ते भिंतीच्या आत गेलं. आय-रॉक अंधेरीच्या चित्रकूट मैदानासारख्या ठिकाणी गेला. डिसेंबर २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये 'ब्लू फ्रॉग' सुरू झालं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, त्यांच्या जमिनींवर काय उभं राहिलं हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच गिरणगावात गोलाकार कोनाड्यांत बसून स्वतंत्र बँड ऐकायची सोय झाली. २०१० मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कात एनएच७ वीकेंडर सुरू झाला. स्वतःची गाणी करणाऱ्यांसाठी हा काळ चांगलाच होता. ओळखीची इंग्रजी गाणी वाजवा, असा आग्रह धरणारा श्रोता मागे पडत गेला.

पण भिंत, ध्वनिरोधक आतलं काम, वातानुकूलन, भाडं, परवाने, हे सगळं गाण्याच्या तिकिटातून निघत नाही. ते बारच्या बिलातून काढावं लागतं. आणि बार आला की वयाची अट आली. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं. मामाने पहिला आय-रॉक पाहिला तेव्हा तो अकरावीत होता. आज अकरावीतल्या मुलाला बऱ्याच ठिकाणी दारातूनच परत पाठवतात, मग खिशात तिकिटाचे पैसे असोत नाहीतर नसोत.

म्हणजे बघा, १९४९ मध्ये कायदा दारूवर होता आणि जागा संगीताची बदलली. २००० मध्ये नियम आवाजावर होते, आणि बदललं ते कोणाला आत येता येईल हे. दोन्ही वेळी कायदा करणाऱ्याच्या मनात हे नव्हतं. रुग्णालयातल्या बाईला शांतता मिळाली, तो तिचा हक्कच होता. त्याची किंमत मात्र सतरा वर्षांच्या पोरांनी दिली. ती त्यांच्याकडून घ्यायची असं कोणी ठरवलं नव्हतं, म्हणून कोणी विचारलंही नाही.

ही भिंतही कायमची नसते. मुंबईचं ब्लू फ्रॉग २०१६ मध्ये बंद झालं. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिल्सच्या आगीत १४ जणांचा जीव गेला, तेव्हा बंद जागेची दुसरी बाजू सगळ्यांना दिसली. इकडे रंगभवनच्या जागी एका टप्प्यावर मराठी भाषा भवन उभारायचा प्रस्ताव होता, पुढे ते चर्नी रोडला नेण्याचं ठरलं. नियमही बदलत राहिले. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय जागा आपोआप शांतता क्षेत्र ठरत नाही.

हे तुमच्या काय कामाचं?

'वयाची अट आल्याने श्रोता बदलला' हा माझा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. अकरावीची मुलं कदाचित इंटरनेटमुळेच कमी येत असतील. मग तपासायचं कसं? जुनी पोस्टर्स आणि तिकिटं गोळा करायची, त्यावर किंमत आणि वयाची ओळ कधीपासून छापायला लागली ते पाहायचं. अलाहाबादहून १९९३ मध्ये निघालेल्या 'रॉक स्ट्रीट जर्नल'सारख्या मासिकांचे अंक चाळायचे. कॉलेजांच्या महोत्सवांत, जिथे वयाची अट नाही, तिथली गर्दी कमी झाली का ते बघायचं. तिथेही तितकीच कमी झाली असेल, तर माझा अंदाज पडला. संशोधनाचा प्रश्न असाच असावा, ज्याचं उत्तर आपल्या विरोधात जाऊ शकतं.

मी हे सगळं मामाला वाचून दाखवलं. रुग्णालयाचा भाग आल्यावर तो गप्प झाला. मग म्हणाला, "कामात तुझी मामी जन्मली." थोड्या वेळाने कपाट उघडून एक जुनी वही काढली. तिच्यात दुमडलेलं, पावसाने शाई पसरलेलं एक तिकीट होतं. साल वाचता येत नाही. पण किंमत आणि जागेचं नाव येतं, आणि वयाची अट कुठेच नाही.

एका तिकिटावरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. तरी मी त्याचा फोटो काढून तारीख टाकून फोल्डरमध्ये ठेवलाय. तुमच्या घरात कोणाच्या कपाटात असं काही असेल तर टाकून देऊ नका. आणि पुढच्या गिगला जाल तेव्हा मनगटावरचा कागदी पट्टा कापून फेकण्याआधी त्यावर काय छापलंय ते एकदा वाचा.